बाटलीच्या जागी दूध

१

सोमवारी ऑफिसचं कुलूप वेदिका बोरस्तेने स्वतः उघडलं. कुणी यायच्या आत तिला फ्रिज उघडायचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी बाळाला सांभाळणाऱ्या लंकाबाईंचा फोन आला होता, रुद्रला ताप भरलाय म्हणून. ती तशीच धावली, आणि दुधाची पिशवी फ्रिजमध्येच राहिली. एरवी ती पिशवी रोज तिच्याबरोबर घरी जायची. निळी, फुलाफुलांची. आत दोन छोट्या बाटल्या, त्यांना दोन्हीकडून बिलगलेल्या बर्फाच्या पट्ट्या. दुपारी रेकॉर्ड रूमचं दार लावून काढलेलं, आठ महिन्यांच्या मुलाचं दूध. आता सुट्टीभर पडलेलं ते कुणाच्या नजरेस पडू नये, एवढंच तिला हवं होतं.

फ्रिज उघडला आणि ती थबकली.

दुधाच्या बाटल्या पिशवीत नव्हत्या. त्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, पार मागे, भिंतीला टेकून नीट उभ्या होत्या. पिशवी वरच्या कप्प्यात घडी करून ठेवलेली. बर्फाच्या पट्ट्या कुठेच नव्हत्या.

आणि खालच्या कप्प्यात मागे जी बाटली असायला हवी होती, तपकिरी काचेची, तोंडाला दोरा आणि लाल लाखेची मोहोर असलेली, ती नव्हती.

वेदिका फ्रिजसमोर फरशीवरच बसली. बाटलीच्या जागी तिचं दूध उभं होतं.

तिने आधी दूध मोरीत ओतलं. बाटल्या धुतल्या, पिशवीत भरल्या, पिशवी पर्समध्ये कोंबली. मग डोळे पुसून सगळ्यांना फोन लावले. फक्त एवढंच सांगितलं, की विहिरीचा नमुना जागेवर नाही.

२

ऑफिस म्हणजे सरकारी वकिलांचा पर्यावरण कक्ष. कारखान्यांनी नासवलेली जमीन आणि पाणी त्यांच्याच खर्चाने साफ करून घेणं हे इथलं काम, आणि वेदिका इथली प्रमुख. अंबडच्या मागच्या ओढ्याकाठी एका रंगाच्या कंपनीने बरीच वर्षं गाळ पुरला होता. तो पाझरून वस्तीच्या विहिरीत उतरला. विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरलं होतं. पहिलीच्या तपासणीत विष निघालं. कंपनी म्हणाली, तपासणीच खोटी. मग न्यायाधिकरणाने सांगितलं, दुसरी मोहोरबंद बाटली आमच्यापुढे हजर करा, ती त्रयस्थाकडे पाठवू.

सुनावणी उद्या सकाळी होती. बाटली नसेल तर कंपनी सुटली, आणि गाळ विहिरीखाली कायमचा राहिला. नवा नमुना काढूनही उपयोग नव्हता. गेल्या महिन्यात कंपनीने 'मदत' म्हणून विहिरीत टँकरमागून टँकर चांगलं पाणी ओतलं होतं.

बाहेरच्या बाकावर वस्तीची नवसाबाई येऊन बसली होती.

"संध्याताई नाय आल्या?"

"येतील. मी आहे ना."

"तसं नाय वो. त्यांनीच पानी भरलं व्हतं ना आमच्याकडं. तीनदा बाटली विसळली त्याच पान्यानं, मंग भरली. मी म्हनलं, आवो बाई, पानीच हाय ते, किती लाड करता. तर म्हनल्या, तान्हं बाळ हाय समजा." नवसाबाई हसली. मग पदर सावरत हळू म्हणाली, "उद्या व्हईल ना आमचं? म्हशीबी तोंड लावीत नाय आता त्या पान्याला."

"होईल," वेदिका म्हणाली.

तिला ते टोचलं. संध्या पाटोळेने ही केस तिच्या बाळंतपणाच्या रजेत सांभाळली होती. वस्तीत जाऊन बसली, विहिरीत दोर सोडला, मोहोर लावली. वेदिका परतली तशी केसही तिच्याकडे परत आली, कारण प्रमुख ती होती. पण बाकावर येऊन बसणारे लोक अजून संध्याचंच नाव घेत होते.

तेवढ्यात मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला.

"कुलूप तुटलंय का?"

"नाही सर. चार किल्ल्या आहेत. मी, संध्या, ललित आणि शिपाई गोरक्ष."

"मग शिपायापासून सुरू करा. उद्या कोर्टात एकतर बाटली ठेवा, नाही तर चोराचं नाव."

३

गोरक्षने विचारायची वाटच पाहिली नाही. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"मॅडम, माझा दीपक त्याच कंपनीत आहे, कंत्राटावर. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो."

"सुट्टीत कुठे होतात?"

"सटाण्याला, सासुरवाडीला. मेव्हण्याच्या घराची वास्तुशांत होती. आज पहाटेच्या गाडीनं आलो. फोटो आहेत, पंगतीत वाढताना."

"फ्रिज कधी उघडला होता?"

गोरक्ष खाली बघू लागला. "तुमची ती निळी पिशवी आल्यापासून आम्ही पाण्याची बाटलीसुद्धा बाहेरच ठेवतो मॅडम. लेकराचं आहे ते. आपला हात लागायला नको."

ललित खैरनार मात्र खुर्ची ओढून आरामात बसला. कक्षातला कनिष्ठ वकील, हुशार पोरगा. बोलणं गोड, शर्ट कडक इस्त्रीचा.

"मॅडम, तुम्ही विचारणार ते आधीच सांगतो. कंपनीच्या वकिलांनी मला नोकरी देऊ केलीय. मी विचार करतो म्हणालोय."

"नाही म्हणाला नाहीस?"

"नाही म्हणालो नाही. पण बाटलीशी माझा संबंध नाही. त्या फ्रिजला मी जन्मात हात लावणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ती परत रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ललितने तिची छोटी बाटली चहात ओतायला काढली होती. वेदिकाने ती त्याच्या हातातून हिसकावली, तेव्हा त्याचा चेहरा बीटासारखा झाला होता. तेव्हापासून ऑफिसात कोरा चहा होता.

"शनिवारी कुणी आलं होतं का?"

"मीच आलो होतो, थोडं लिहायला. पण लाइट नव्हती. शनिवारी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात ना. दिवसभर जाणार म्हणून सगळ्यांना मेसेज आला होता की शुक्रवारी. मी विसरलो. पंखा नाही, काही नाही, लगेच निघालो."

वेदिकाने पर्समधून फोन काढून पाहिला. मेसेज तिलाही आला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात, रुद्र खांद्यावर रडत असताना, तिने तो न वाचता बाजूला सारला होता. त्या पाण्यातलं रसायन असं, की थंडावा तुटला की उडून जातं. कोमट झालेली बाटली कोर्टात ठेवणं आणि नळाचं पाणी ठेवणं सारखंच.

म्हणजे कुणी ती चोरली नसती, तरी ती या फ्रिजमध्ये शनिवारीच मेली असती. वेदिकाच्या हातून.

४

संध्या देवळाली कॅम्पहून बसने यायची. आज उशिरा आली, हातात जेवणाचा डबा, खांद्याला मोठी कापडी पिशवी.

रजेच्या आधी ती वेदिकाला नावाने हाक मारायची. वयाने बरीच मोठी, तिच्या हाताखाली असली तरी अगं-तुगं करणारी. रुद्र झाला तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन आली होती. पण वेदिका परत रुजू झाली त्या दिवसापासून ती 'मॅडम' म्हणू लागली. चारचौघांत म्हणायची तसं दोघीच असतानाही.

"बसा ना संध्याताई. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटणार मॅडम. केस तुमची आहे."

"बाटली तुम्ही भरली होती."

"भरली होती. मग हवाली केली." तिने पिशवीचा बंद सारखा केला. "मी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीतच निघाले, अंबडच्या आपल्या प्रयोगशाळेत. तिथून परस्पर घरी. नंतर इकडे पाऊल टाकलं नाही."

"ललितला कंपनीने नोकरी देऊ केलीय."

"ललित बोलघेवडा आहे, चोर नाही."

"गोरक्षचा मुलगा कंपनीत आहे."

"गोरक्षवर ढकलू नका मॅडम." संध्याने पहिल्यांदा वर बघितलं. "त्याचा काही संबंध नाही यात."

ती हे अगदी खात्रीने बोलली. संध्या उठली. दारापर्यंत गेली, आणि वळून जरा मऊ आवाजात म्हणाली, "गोरक्ष म्हणाला आत्ता, रुद्रला ताप होता. उतरला का?"

"उतरला काल."

"बरं झालं. आणि ते दूध? सुट्टीभर राहिलेलं. ओतावंच लागलं असेल."

"हो ना," वेदिका म्हणाली.

संध्या गेली. टेबलावरचा फोन वाजू लागला, मुंबईचाच. वेदिकाला वाटलं, आपण आत्ता काहीतरी ऐकलं आणि ते हातातून सुटलं. काय ते मात्र आठवेना.

५

दुपारी ती इंदिरानगरला घरी आली, रुद्रला पाजायला. रुद्र लंकाबाईंच्या खांद्यावर किरकिरत होता. वेदिकाने हात पुढे केले, तर त्याने मान वळवली आणि लंकाबाईंच्या मानेत तोंड खुपसलं.

"झोप नाय झाली त्याची," लंकाबाई म्हणाल्या. "माझं फडकं घावंना ताई. जुन्या लुगड्याचं. ते गालाशी असल्याबिगर झोपत नाय. सकाळधरनं शोधते मी. कुठं गेलं काय की."

वेदिका कपाटापाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि वरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत ते फडकं होतं, धुतलेलं, घडी घातलेलं.

सकाळी तिनेच ते लपवलं होतं. त्याला लंकाबाईंच्या वासाशिवाय झोप यावी, आपल्या साडीवर यावी, असं वाटलं होतं. पण कचऱ्यात टाकवलं नाही. धूळ लागू नये म्हणून पिशवीत घातलं. त्याला लागेल ना ते पुन्हा.

लंकाबाईंनी तिच्या हातातली पिशवी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "आण इकडं," एवढंच म्हणाल्या. फडकं गालाशी येताच रुद्र शांत झाला, आणि मग आईकडे आला.

त्याला पाजता पाजता वेदिका खिडकीबाहेर बघत बसली. टाकणं आणि लपवणं. कंपनीसाठी कुणी बाटली उचलली असती, तर पाणी मोरीत ओतून काच फोडली असती. बर्फाच्या पट्ट्या कशाला नेल्या असत्या? पट्ट्या नेल्या, कारण चोराला ते पाणी थंड ठेवायचं होतं. त्याला केस हरवायची नव्हती. केस कुणाच्या हातात आहे, तेवढंच त्याला सोसत नव्हतं.

आणि पट्ट्या काढून घेतल्यावर दूध खराब होईल, म्हणून त्याने ते फ्रिजमधल्या सगळ्यात थंड जागी उभं केलं होतं. गोरक्षने लाजेने त्या पिशवीकडे बघितलंही नसतं. ललितने तिला हात लावला नसता.

आणि मग सकाळचं ते सुटलेलं वाक्य तिच्या हातात परत आलं.

रुद्रला तिने लंकाबाईंकडे दिलं. या वेळी देताना टोचलं नाही. थोडंच टोचलं.

६

"संध्याताई, माझ्याबरोबर जरा अंबडला चला."

संध्याने का म्हणून विचारलं नाही. कापडी पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. अंबडच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती.

"दूध ओतावं लागलं का, असं तुम्ही मला विचारलंत," वेदिका समोर बघत म्हणाली. "मी रोज ते घरी नेते. शुक्रवारी विसरले, ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही तर दुपारीच गेला होतात. आणि सकाळी कुणी यायच्या आत मी ते ओतलं होतं."

संध्याने पिशवीचा बंद पुन्हा सारखा केला.

"शनिवारी लाइट जाणार, हे तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. लाइट जायच्या आधी तुम्ही आलात, बाटली काढलीत, माझ्या पट्ट्यांत गुंडाळलीत. दोन पट्ट्यांवर किती लांब जाणार? आणि तुम्ही ती घरी ठेवणार नाही. सरकारी ताबा तुटला, तर पाणी थंड राहूनही उपयोग नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. म्हणजे अंबडची प्रयोगशाळा. तिथले रावजी तुमच्या शब्दाबाहेर नाहीत."

"दूध पुढे ठेवलं असतं तर नासलं असतं," संध्या म्हणाली. "लाइट गेल्यावर मागची जागाच जरा टिकते. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी कामावर आले, वेदिका. तेव्हा कुठला फ्रिज आणि कुठली पिशवी. मी ऑफिसच्या मोरीत ओतायचे. नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून."

पुढचा ट्रक हलला. वेदिकाने गाडी पुढे घेतली.

"बाटली वाचवलीत. मग मला फोन का नाही केला?"

"करणार होते. शनिवारी फोन हातात घेतला, ठेवला. म्हटलं, उद्या करू. मग वाटलं, मंगळवारी कोर्टात तुम्ही रिकाम्या हाताने उभ्या राहाल, आणि मी मागून बाटली घेऊन येईन. सगळे बघतील, ही केस कुणी वाढवली." ती हसल्यासारखी झाली. "तुमच्याकडे सगळंच परत आलं. खुर्ची, केस. वर बाळही."

"मुंबईवाले गोरक्षचं नाव मागतायत."

"म्हणून तर म्हटलं, त्याच्यावर ढकलू नका."

प्रयोगशाळेच्या दारात रावजी उभेच होते. "या संध्याताई. तुमची बाटली ठणठणीत आहे. जाता-येता थंडाव्याचा काटा बघून लिहून ठेवतोय मी."

लाखेची मोहोर शाबूत होती. वेदिकाने बाटली हातात घेतली. गार काच.

"एक करता येईल," संध्या हळूच म्हणाली. "उद्या सांगू, की तुम्हीच मला हलवायला सांगितलं होतं. तुमचीही चूक झाकली जाईल, माझीही. पाणी वाचेल."

वेदिका त्या बाटलीकडे बघत राहिली. किती सोपं होतं.

"आणि त्यांनी रावजींना शपथेवर विचारलं तर? रावजींना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही, आणि बाटली जागेवर नाही म्हणून सकाळी मीच सगळ्यांना फोन केलेत. एक गोष्ट खोटी निघाली की बाटलीही खोटी ठरेल." तिने बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली. "मी उभी राहून सांगेन, की मेसेज मी वाचला नाही. तुम्ही उभ्या राहून सांगा, काय झालं ते."

"का फोन केला नाही, तेही?"

"विचारलं तर तेही."

संध्याने भिंतीला हात टेकला. "ते मला जमणार नाही," ती म्हणाली.

७

सकाळी न्यायाधिकरणाच्या खोलीत मागच्या बाकावर नवसाबाई वस्तीतल्या बायकांना घेऊन बसली होती. संध्या आलेली नव्हती. वेदिका उठली, मेसेजचं सांगितलं. सांगताना तिचे कान गरम झाले. कंपनीचे वकील खुशीत आले.

"म्हणजे बाटली कुणी, केव्हा, कशी नेली, हे सरकारी वकिलांना स्वतःलाच माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे," दारातून आवाज आला.

संध्या आत आली. रावजी तिच्यामागे बर्फाची पेटी घेऊन उभे होते. संध्याने शपथ घेतली, शनिवारची सगळी हकिकत सांगितली, थांबत थांबत, पण काही न वगळता. कंपनीचे वकील चष्मा काढून पुसू लागले.

"बाटली वाचवण्यासाठीच हलवलीत, असं आपण म्हणता. चांगली गोष्ट आहे. मग आपल्या वरिष्ठांना दोन शब्द का नाही कळवलेत? की आत काही बदलायला वेळ हवा होता?"

संध्याने कठड्याची कड धरली. वेदिकाला वाटलं, ती आता म्हणेल, विसरले. कुणीही म्हणालं असतं.

"मला त्यांचा हेवा वाटत होता," संध्या म्हणाली. "ही केस मी सहा महिने सांभाळली. त्या रजेवरून आल्या आणि ती त्यांची झाली. त्यांची फजिती व्हावी, असं मला वाटलं. पाण्याची व्हावी, असं नाही वाटलं."

वकिलांनी चष्मा परत घातला आणि ते खाली बसले. पीठाच्या अध्यक्षांनी पेटी पुढे मागवून मोहोर पाहिली.

"खोटं बोलायचं असतं, तर माणूस याहून बरं कारण शोधतो," ते म्हणाले. "मोहोर शाबूत आहे, थंडाव्याची नोंद आहे. नमुना स्वीकारला. त्रयस्थाकडे पाठवा. अहवाल येईपर्यंत विहिरीभोवतीच्या मातीला कंपनीने हात लावायचा नाही."

बाहेर व्हरांड्यात वस्तीच्या बायकांनी संध्याला वेढलं. त्यांना शपथ आणि हेवा किती कळला कोण जाणे. नवसाबाईने संध्याचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. वेदिका कडेला उभी होती, हातात दोघींच्या फायली. कुणी तिच्याकडे वळलं नाही. आत परत काहीतरी टोचलं. आता ते ओळखीचं झालं होतं. ती नुसती उभी राहिली.

बायका पांगल्या तशी संध्या जवळ आली.

"मी आजच मुंबईला सगळं कळवणार आहे," वेदिका म्हणाली. "माझंही आणि तुमचंही. तुमची बदली होईल बहुतेक."

"माहीत आहे मला."

संध्याने खांद्याची कापडी पिशवी उघडली. आत टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिने ते वेदिकाच्या हातावर ठेवलं. टॉवेलातून गारवा लागला. दोन्ही बर्फाच्या पट्ट्या, रात्रभर गोठवून कडक केलेल्या.

"घे," संध्या म्हणाली. "आज लागतील तुला."